जपानी गुण्या, कटर आणि करवत: फोंड्यात दहा महिने वापरून झाल्यावर

मी गोव्यात फोंड्याला सुतारकाम करतो. दारं-खिडक्या, देवघरं, आणि गेली काही वर्षं जुन्या घरांची दुरुस्ती. मागच्या दिवाळीनंतर एकेक करून जपानी हत्यारं घ्यायला सुरुवात केली, आता गणपतीची चवथ तोंडावर आलीय म्हणजे एक अख्खा पावसाळा पण त्यांच्या अंगावरून जवळजवळ गेलाय, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. आठ दिवस वापरून लिहिण्यात काही अर्थ नसतो, आपल्याकडे हत्याराची खरी परीक्षा जूनमध्ये होते.

आधी एक सांगतो, जपानी म्हटलं की सगळे करवतीबद्दल विचारतात, मी पण तिथूनच सुरुवात करणार होतो. पण माझ्या कामात सगळ्यात जास्त फरक पडला तो रेघ मारायच्या हत्यारांनी. रेघच अर्धा मिलिमीटर जाड आणि तिरकी असेल तर करवत कितीही चांगली असली तरी ती चुकीच्या जागीच कापणार ना.

तर पहिला गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी. जपानी सुतारांचा जो पातळ पट्टीचा गुण्या असतो त्याला ते सशिगाने म्हणतात, मी शिन्वा कंपनीचा घेतला, ५० बाय २५ सेंटीमीटरचा, स्टेनलेस. पट्टीची रुंदी बरोबर १५ मिलिमीटर, त्यामुळे काठापासून १५ ची रेघ हवी असेल तर मोजायचंच नाही, पट्टी ठेवायची आणि ओढायची, कुसूची, म्हणजे जोडात खाचेत बसणाऱ्या जिभेची रेघ मारताना याचा रोज उपयोग होतो. आपला नेहमीचा गुण्या जाड आणि कडक, हा इतका लवचीक की वाकवून गोल खांबाला टेकवता येतो आणि सोडला की परत सरळ. आकडे कोरलेले आहेत, छापलेले नाहीत, दहा महिन्यांत एकही पुसट झालेला नाही. काटकोन मात्र घेतल्या घेतल्या तपासा, कुठल्याही कंपनीचा असो. प्लायच्या सरळ काठाला टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी, दोन्ही एकावर एक बसल्या तर ठीक. माझा बरोबर निघाला.

आता यातला मोठा खड्डा सांगतो, मी पडलोय त्यात. या गुण्याच्या मागच्या बाजूला बऱ्याच मॉडेलात वेगळी मापं असतात. एक पट्टी १.४१४ पट ताणलेली, म्हणजे गोल ओंडक्याचा व्यास तिने मोजला की त्यातून केवढा चौकोनी वासा निघेल ते थेट वाचता येतं. दुसरी पाय (π) म्हणजे ३.१४ ची, व्यासावर ठेवली की परीघ दाखवते. डोकं लावून केलेली गोष्ट आहे, मला फार आवडली. पण मी माझ्या हाताखालच्या पोराला ती समजावून सांगितली नव्हती. मडगावजवळच्या एका जुन्या घराच्या खिडकीचं काम, ७ सेंटीमीटरचे गाळे, त्याने मागच्या बाजूने मोजले, जेमतेम ५ दिसले, आणि टेपने ५ मोजून सागवानाचे आठ तुकडे कापून ठेवले. संध्याकाळी मला म्हणतो, दादा बसत नाहीयेत हो. चूक माझीच, त्याला काय बोलणार. तेव्हा दोन्ही बाजूला साधे मिलिमीटर असलेलं मॉडेल मिळतं ते बघा. आणखी एक, जपानी जुन्या मापाचा, म्हणजे शाकूचा गुण्या चुकून घेऊ नका, एक शाकू ३०३ मिलिमीटरचा असतो, आपला फूट ३०४.८, लांबून बघितलं तर फूटच वाटतो आणि पाच-सहा फुटांवर जवळजवळ सेंटीमीटरचा घोळ होतो.

टेप टाजिमाचा ५ मीटरचा. टेपवर जेआयएसची, म्हणजे जपानी मानकाची, पहिल्या वर्गाची खूण असेल तर ५ मीटरला जास्तीत जास्त ०.७ मिलिमीटर फरक चालतो, युरोपच्या दुसऱ्या वर्गाच्या टेपला तेवढ्याच लांबीवर १.३ चालतो. खिडकीला एवढं कशाला असं कोणी म्हणेल, पण मी अर्धं काम घरमालकाकडे मोजतो आणि अर्धं फोंड्यात कापतो, आणि जुन्या चिऱ्याच्या भिंती कुठेच काटकोनात नसतात, चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजावे लागतात, तिथे टेपवर भरवसा लागतो. अडचण एकच, यावर इंच नाहीत. प्लायवाला आठ बाय चार बोलतो, माझे जुने मेस्त, म्हणजे मिस्त्री, अजून सूत या जुन्या मापात बोलतात, गिऱ्हाईक फुटात. मी आता सगळं मिलिमीटरमध्ये लिहितो, पहिले दोन महिने त्रास झाला. टेपच्या टोकाचा हूक किंचित हलतो म्हणून कोणी ठोकून घट्ट करू नका, तो त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा हलायलाच हवा, आतून दाबून मोजलं काय आणि बाहेरून ओढून मोजलं काय, माप तेच यावं म्हणून.

रेघेसाठी पेन्सिलच्या जागी आता सुरी. जपानी किरिदाशी, एकाच बाजूने धार, पाठ सपाट, त्यामुळे गुण्याला चिकटून जाते. मऊ लोखंडावर कडक पोलादाचा थर असतो, धार भन्नाट लागते आणि टिकते. सुरीने मारलेल्या रेघेत पटाशीची धार आपोआप बसते, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, कुसूचा खांदा असा स्वच्छ येतो की फट शोधावी लागते. पण ही स्टेनलेस नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत तांबूस डाग आले. खोबरेल लावून पाहिलं, काही दिवसांनी चिकट होतं आणि भुसा धरून ठेवतं, तेव्हापासून शिलाई मशीनचं तेल, काम संपलं की पुसून लावायचं आणि कोरड्या फडक्यात गुंडाळायची. हे रोज जमणार नसेल तर घेऊ नका, त्यापेक्षा ओल्फाचा कटर घ्या.

ओल्फाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरलेला. पातं मोडून नवं टोक काढायची कल्पना ओसाकाच्या योशिओ ओकादा यांची, १९५६ ची, फुटलेल्या काचेची धार आणि खुणा पाडलेलं चॉकलेट यावरून सुचलेली, आणि नावच मुळी ‘ओरु हा’ म्हणजे मोडायचं पातं यावरून आलंय. माझ्याकडे १८ मिलिमीटरचा आहे आणि बारीक कामाला ९ चा. आपल्याकडच्या स्वस्त कटरमध्ये पातं म्यानात डुलतं, दाब दिला की रेघ सोडतं, यात डुलत नाही, फरक तेवढाच आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. लॅमिनेटसाठी त्यांचा पी कटर वेगळा येतो, चोचीसारखा, तो खरवडत जातो, पाच-सहा ओढी आणि मग मोडायचं. पाती घेताना जपून, एका दुकानात मला मिळालेलं पाकीट नकली निघालं, पाती खाचेवर न मोडता वेडीवाकडी मोडायची, आणि तुकडा डोळ्यापाशी उडाला तर काय होईल ते सांगायला नको.

आता करवत. दोन घेतल्या, दोन्ही बाजूला दाते असलेली र्‍योबा आणि पाठीला पट्टी असलेली बारीक दातांची दोझुकी. ओढताना कापतात, म्हणून पातं इतकं पातळ ठेवता येतं, ढकलून कापणारी करवत एवढी पातळ असती तर वाकली असती. शिंपल्यांच्या खिडक्यांच्या बारीक पट्ट्या, ज्यांच्या खाचेत शिंपले सरकवतात, त्या दोझुकीने कापल्या तेव्हा रंधा मारायची गरजच पडली नाही. सागवान, फणस यात लोण्यासारखी चालते. मट्टीच्या लाकडात मात्र जपून, आणि जुन्या लाकडात तर फारच जपून. एका जुन्या चौकटीत आत गंजलेला खिळा होता, दिसला नाही, र्‍योबाचे तीन दाते गेले. हे दाते झटक्यात तापवून कडक केलेले असतात, टोकं काळसर निळी दिसतात, त्यांना कानस लागत नाही, म्हणजे धार गेली की पातंच बदलायचं. आमच्या मेस्तांना हे अजिबात पटलेलं नाही, करवतीला धार लावता येत नसेल तो सुतार कसला असं त्यांचं म्हणणं, आणि मला त्यांचं निम्मं पटतं. म्हणून चौकटी पाडायला, ओबडधोबड कापायला माझी जुनी करवतच, जपानी फक्त जोडाला.

सुमित्सुबो, म्हणजे शाईची दोरी, घेतली नाही. गेरूची दोरी आपल्याकडे चांगली चालते.

कोणी विचारलं तर क्रम असा सांगेन, आधी गुण्या आणि ओल्फा, मग टेप, सुरी निगा राखणार असाल तर, आणि करवत सगळ्यात शेवटी, तीही सुटं पातं इथे मिळतंय याची खात्री करून. माझं र्‍योबाचं पातं मागवून यायला तीन आठवडे लागले. परवाच बसवलं, आता शेजारच्या काकांच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती, चौकट करायला घेतलीय, जुनी वाळवीने खाल्ली.