रॅपरने जुनाच विषय धरावा की वयाबरोबर नवा?

अमेरिकन रॅपर जे-झीचा '४:४४' हा अल्बम आला २०१७ मध्ये, त्याच्या ४७ व्या वर्षी. बायकोला दिलेल्या दग्याची कबुली, आईचं स्त्रीवरचं प्रेम, मुलांसाठी मागे ठेवायचा पैसा. विशीत हे लिहिताच आलं नसतं. म्हणून मी बदलणाऱ्यांच्या बाजूने.

रॅपर पुशा टी मात्र चाळिशी उलटल्यावरही कोकेनच्या धंद्यावरच लिहीत राहिला. शब्दांना धार तीच, हे मान्यच. एकच विषय इतकी वर्षं घोटणं येरागबाळ्याचं काम नव्हे. पण क्लिप्स या त्याच्या आणि भावाच्या जोडीच्या २०२५ च्या अल्बमचं पहिलंच गाणं ऐका. तो आईशी झालेलं शेवटचं बोलणं आठवतो, भाऊ मॅलिस वडिलांचं जाणं सांगतो. तिथे माझा गळा दाटून आला. धंद्याच्या ओळींनी तसं कधीच झालं नव्हतं.