बदक पाळावं की कोंबडी? पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्याचा हिशेब

घाना, बेनिन, बुर्किना फासोच्या खेड्यांत बदक म्हणजे बहुतेक मस्कोव्हीच. चोचीच्या मुळाशी लाल गाठी असतात आणि नर ओरडत नाही, नुसता फुसफुसतो. दारात चार-पाच पक्षी सोडायचे असतील तर गावठी कोंबडी घ्यावी की हे बदक? अंडी मोजून ठरवायला जाल तर फसाल. आधी रोगाचा विचार करा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो आणि त्याच सुमारास रानीखेत म्हणजे मानमोडी येते. लस न दिलेलं खुराडं काही दिवसांत रिकामं होतं. मस्कोव्हीला हा विषाणू लागला तरी ती सहसा आजारी पडत नाही, पण विष्ठेतून तो पसरवते. म्हणून दोन्ही एकत्र ठेवायचे असतील तर कोंबड्यांना लस हवीच. ऊन सोसणारी आय-2 लस डोळ्यात एक थेंब, दर चार महिन्यांनी द्यायची आणि एक फेरी हरमॅटनच्या महिनाभर आधी उरकायची. गावात लस पोचत नसेल तर बिनदिक्कत बदकं घ्या.

लस मिळत असेल आणि हाती पैसा लवकर हवा असेल तर कोंबडीच बरी. तिची रवण 21 दिवसांत फुटते, मस्कोव्हीला 35 लागतात. शिवाय कोंबडीला प्रत्येक बाजारात गिऱ्हाईक आहे. बदकाचं तसं नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. वजनात मात्र बदक पुढे: नर साधारण 3 किलोचा होतो, मादी त्याच्या जवळपास निम्मी.

गिनी फाउलचा (कोंबडीसारखाच, ठिपकेदार पिसांचा पक्षी) मोह नवख्याने टाळावा. ती अंडी बहुधा पावसाळ्यातच घालते, आणि तिची पिल्लं ओल लागली की पटापट मरतात.

चाऱ्याचा खर्च दोन्हीकडे थोडाच. मडक्यात ओला पालापाचोळा आणि शेण भरायचं, ते वाळवीच्या भोकावर संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळी उचललं की आत वळवळणारा खाऊ तयार. बदकाच्या पिल्लांना मात्र नुसता मक्याचा कोंडा घातला तर पाय लुळे पडतात, कारण त्यांना नायसिन हे ब-जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. ज्वारीची दारू गाळून उरलेला ताजा चोथा कोंड्यात मिसळला तर ही उणीव थोडीफार भरून निघते. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड चुकूनही घालू नका. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर मारतं.

तळं नसलं तरी अडत नाही. मोठ्यांना नाकपुड्या आणि डोळे बुडवता येतील एवढं खोल भांडं पुरतं. पिल्लांच्या भांड्यात खडे टाका, नाहीतर ती आत बसतात, भिजतात आणि गारठतात. तीन-चार आठवडे त्यांना डालग्याखाली ठेवा, घारी टपलेल्याच असतात.

एका नराला चार-पाच माद्या ठेवा. तोच नर वर्षानुवर्षं राहिला तर स्वतःच्याच लेकींशी जुगतो, अंडी वांझ निघू लागतात. दर वर्षा-दोन वर्षांनी तो लांबच्या गावातल्या कुणाशी अदलाबदल करून घ्या.