सामान जहाजाने की विमानाने?

परदेशी बिऱ्हाड हलवताना घाई नसेल, तर माझं मत जहाजाला. तिथलं भाडं मुख्यतः जागेवर, घनमीटरवर ठरतं. म्हणून पुस्तकं, भांडी अशी जड खोकी परवडतात. मात्र दोन-तीन महिने वाट बघायची तयारी हवी, आणि ओल धरू नये म्हणून प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाच.

विमानाने सामान लवकर पोचतं, पण गादी-उशा पाठवू नका. तिथे भाडं वजनावर ठरतं, पण हलक्या, जागा खाणाऱ्या सामानाचं वजन आकारावरून काढतात: सहसा ६००० घनसेंटिमीटरला एक किलो धरतात. म्हणजे ६० बाय ४० बाय १५ सेंटिमीटरच्या उशीला सहा किलोचे पैसे! कपडे चालतील, घट्ट दाबून भरलेले.

मूळ पदव्या, जन्मदाखला, रोजची औषधं? ती कायम हातातल्या बॅगेतच.