व्यावसायिक लेखनाची तीन दिवसांची कार्यशाळा: घ्यायची तर दुसऱ्या दिवसासाठी

कॉलेजात 'बिझनेस कम्युनिकेशन' शिकवणाऱ्या माणसाला जून उजाडला की फोन सुरू होतात. पुण्याहून, मुंबईहून, हल्ली कोल्हापूरहूनसुद्धा. "सर, मुलांसाठी प्लेसमेंटचं पॅकेज आहे." पॅकेजात मुलाखत असते, ग्रुप डिस्कशन असतं, पर्सनॅलिटी तर असतेच असते, आणि लेखन असलंच तर शेवटच्या दिवशी चहानंतर तासभर. यंदा पुण्याच्या एका संस्थेने नुसत्या लेखनाची तीन दिवसांची कार्यशाळा देऊ केली. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून घेऊ म्हणाले, म्हणून आम्ही घेतली. कराडमधलं कॉलेज, बीकॉमचं शेवटचं वर्ष, साठ मुलं. माणशी ६५० रुपये. निम्मे कॉलेजने भरले, निम्मे मुलांनी.

संस्थेचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवसाबद्दल जे सांगणार आहे ते नाव घेऊन सांगण्याइतकं त्यांच्याशी माझं वाकडं नाही, आणि दुसऱ्या दिवसाचं श्रेय संस्थेपेक्षा एका बाईंचं आहे.

पहिला दिवस थोडक्यात उरकतो, कारण त्यात थोडकंच होतं. ब्लेझर घातलेला तरुण ट्रेनर, "गुड मॉर्निंगमध्ये एनर्जी कुठाय?" असं तीनदा विचारून झाल्यावर स्लाइड सुरू. संवादाचे सात 'सी': कम्प्लीट, कन्साइज, कन्सिडरेशन आणि पुढची मंडळी. आमच्या मुलांना ते पाठ आहेत, परीक्षेत पाच मार्कांना येतात. मग पत्राच्या मांडणीचे प्रकार, फुल ब्लॉक आणि मॉडिफाइड ब्लॉक, तारीख उजवीकडे की डावीकडे, 'युवर्स फेथफुली'नंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही. हातात दिलेल्या फाइलमधली नमुनापत्रं अमेरिकेतली होती. पत्ते ओहायोचे, तारखेत महिना आधी, आणि सगळी पत्रं कुणा मिस्टर स्मिथना लिहिलेली. पाटण खोऱ्यातनं सकाळच्या एसटीने येणारा आमचा मुलगा या स्मिथसाहेबांना कधी लिहिणार, हे मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं. "सर, फॉरमॅट समजतो ना," असं उत्तर आलं. फाइल जाड आहे, पुठ्ठा चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी ज्या मॅडम आल्या त्या राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या. नोकरीतली बरीच वर्षं कर्ज विभागात काढलेली, म्हणजे लोकांचे अर्ज वाचण्यातच काढलेली. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता, सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी संस्थेमार्फत आधीच निरोप धाडला होता की प्रत्येकाने एक पत्र लिहून द्यावं, पण ते खरं हवं. घरातून कुणालातरी खरोखरच पाठवायचं आहे आणि राहून गेलंय, असं. या एका अटीमुळे पुढचा सगळा दिवस वेगळा झाला. गठ्ठ्यात अडकलेली शिष्यवृत्ती होती, मार्कशीटवर चुकलेलं आईचं नाव होतं, वॉरंटी नाकारणारा मोबाईलवाला होता, सीएच्या ऑफिसात उन्हाळ्यात काम मिळेल का अशी विचारणा होती, आणि विजेची बिलं तर ढिगाने होती.

त्यातलं एक मॅडमनी मोठ्याने वाचलं. मुलीची परवानगी घेऊन.

"महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, मी वरील ठिकाणची रहिवासी असून माझ्या वडिलांच्या नावे वीज कनेक्शन आहे. तरी गेल्या काही महिन्यांपासून बिल जास्त येत आहे. तरी आपण याचा सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती."

तुम्ही-आम्ही सगळे असेच अर्ज लिहीत मोठे झालो. मॅडम टेबलामागे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी तिथली क्लार्क. सकाळपासून चाळीस कागद आलेत, हा एकेचाळिसावा. आता मी काय करू ते सांग."

मागून कुणीतरी म्हणालं, "बिल कमी करा."

"कुणाचं? कुठल्या महिन्याचं? आणि का म्हणून?"

मुलगी उभी राहिली आणि घडाघडा बोलायला लागली. मार्चमध्ये मीटर बदलला. बदलायला आलेल्या माणसाने कागद दिला, तो घरी आहे. पण त्यानंतरच्या बिलांवर अजून जुन्याच मीटरचा नंबर येतोय आणि आकारणी सरासरीने होतेय. नव्या मीटरच्या रीडिंगचा फोटो भावाच्या मोबाईलमध्ये आहे. मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. "आत्ता बोललीस ना, तेच लिही. आणि सहानुभूती कशाला मागतेस? नंबर त्यांनी चुकवलाय."

वीस मिनिटांनी तिने लिहून आणलं ते असं:

"विषय: मीटर बदलल्यानंतरची एप्रिल व मेची बिले दुरुस्त करून मिळण्याबाबत. ग्राहक क्रमांक अमुक. १२ मार्च रोजी आमचा मीटर बदलण्यात आला. त्यानंतरच्या दोन्ही बिलांवर जुन्या मीटरचा क्रमांक असून आकारणी सरासरीने केली आहे. मीटर बदलल्याचा कागद, नव्या मीटरच्या आजच्या रीडिंगचा फोटो व दोन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोन्ही बिले प्रत्यक्ष रीडिंगनुसार दुरुस्त करून द्यावीत."

मॅडमनी त्यात एकच भर घातली: शेवटी संपर्काचा नंबर आणि खाली 'सोबत' म्हणून जोडलेल्या कागदांची यादी. आणि दोन प्रती काढायला सांगितल्या, एक त्यांना, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही आणि निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं.

मला त्यांचं जे पटलं ते हे, की फॉरमॅटमधली प्रत्येक गोष्ट त्यांनी कामाला जुंपून दाखवली. 'संदर्भ' ही ओळ आम्ही मुलांना शिकवतो, मुलं लिहितात, का लिहायची ते कुणालाच माहीत नसतं. मॅडमनी बँकेचं उदाहरण दिलं. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली लागते. बँकेने ती फेटाळली, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर मग वरचा दरवाजा उघडतो. म्हणजे पहिल्या पत्रावरची तारीख ही शोभेची गोष्ट राहत नाही, तिथून दिवस मोजायचे असतात. पुढच्या पत्रात 'संदर्भ: माझे अमुक तारखेचे पत्र' असं आलं की वाचणाऱ्याला टाळाटाळ करायला जागा उरत नाही. वर्गात हे ऐकून मुलांनी आपापल्या पत्रांवर तारखा आहेत का ते बघितलं. बऱ्याच पत्रांवर नव्हत्या.

दुपारचा सराव माहितीच्या अधिकाराचा. २००५ च्या कायद्याचं नाव मुलांनी ऐकलेलं असतं, अर्ज कुणी केलेला नसतो. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांत. कार्यकर्ते मंडळींची त्यावर नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे, पण लेखन शिकवणाऱ्याला याहून चांगला व्यायाम मिळणार नाही. शिवाय कारण सांगण्याची गरज कायद्यानेच काढून टाकलेली. म्हणजे "मी एक जागरूक नागरिक या नात्याने" पासून सुरू होणारा पहिला परिच्छेद आपोआप गळतो. गावच्या रस्त्याबद्दल एका मुलाने आधी पानभर लिहिलं होतं, त्यात ठेकेदाराला शिव्या घालायच्याच काय त्या बाकी होत्या. शेवटी चार मागण्या उरल्या: कामाचा आदेश, मंजूर रक्कम, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदतात तिच्या) प्रती, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि उत्तरासाठी ३० दिवस थांबायचं. मोजमाप पुस्तिका मागायची हे त्याला वर्गातल्याच एका ठेकेदाराच्या मुलाने सुचवलं, हा त्या दिवसाचा बोनस.

इंग्रजी ईमेलवर मॅडम माझ्यापेक्षा उदार निघाल्या. 'काइंडली डू द नीडफुल' दिसलं की मी लाल पेन उचलतो. त्या म्हणाल्या, "नीडफुल म्हणजे नक्की काय ते वरच्या ओळीत लिहिलंय का? मग असू दे, वाचणाराही तेच लिहितो." मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. विषयाच्या ओळीबाबत मात्र त्यांनी काही चालवून घेतलं नाही. नुसतं 'रिक्वेस्ट' किंवा 'अर्ज' लिहिलेले ईमेल त्यांनी न वाचता परत दिले.

चॅटजीपीटीकडून लिहून आणलेली पत्रंही होतीच. 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' ने सुरू होणारी, स्वच्छ, गुळगुळीत. मॅडमनी कुणाला झापलं नाही. त्यांनी त्या पत्रांतले आकडे शोधायला सांगितले: सीट नंबर, पावती क्रमांक, तारीख, रक्कम. एकही नव्हता. "ते तुझ्या घरात राहत नाही, बाळा," एवढंच म्हणाल्या आणि पत्र परत दिलं.

आता तक्रार. साठ मुलं एका बाईंना फार झाली. मोठ्याने वाचून, प्रश्न विचारून, पुन्हा लिहून घेणं हे वीसेक पत्रांनाच मिळालं. बाकीच्यांना पत्र परत मिळालं, त्यावर एका ओळीचा शेरा. शेरे नेमके होते, सगळं वाचून आल्या होत्या हे कळत होतं. पण त्या मुलांनी दुसरा खर्डा लिहिला तो बघायला कुणी नव्हतं, कारण तिसऱ्या दिवशी तिसराच ट्रेनर. लेखन शिकवण्यात पहिला खर्डा तपासणं सोपं. दुसरा तपासायला कुणाला वेळ नसतो. आमच्या १२० च्या तुकडीत तर पहिलाही तपासून होत नाही, आणि परीक्षेत मार्क पत्ता, विषय आणि समारोप जागच्या जागी असण्याला मिळतात. म्हणून तर बाहेरून माणसं बोलवायची. तेवढं तरी त्यांनी पुरतं करावं.

तिसरा दिवस रेझ्युमेचा, आणि तो अर्धा चांगला होता. सगळ्यांचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' शब्दशः सारखं, तळाला 'आय हिअरबाय डिक्लेअर', मध्ये वैवाहिक स्थिती आणि छंद: संगीत ऐकणे. ट्रेनरने ते सगळं काढायला लावलं. खासगी नोकरीसाठी ते ठीकच आहे. एक मुलगा मामाच्या खतांच्या दुकानात दोन हंगाम टॅलीवर बिलं करतोय, उधारीची यादी सांभाळतोय, आणि त्याच्या रेझ्युमेत त्याचा उल्लेखच नव्हता. "ते घरचं काम हाय सर," म्हणाला. ट्रेनरने ते सगळ्यात वर घ्यायला लावलं, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. दुपार लिंक्डइनचा फोटो कसा काढावा यात गेली.

एकूण पाचपैकी साडेतीन, आणि त्यातले तीन दुसऱ्या दिवसाचे. पुढच्या वर्षी घ्यायची तर मी संस्थेला असं कळवलंय: ट्रेनर त्याच मॅडम, तुकडी तीसची, पहिला दिवस रद्द, आणि दोन बैठकांमध्ये आठवड्याचं अंतर, म्हणजे दुसरा खर्डा त्यांच्याच हाताखालून जाईल. त्यांनी माणशी ९०० सांगितलेत. प्राचार्यांच्या टेबलावर कागद आहे.

तुमच्या कॉलेजात घेणार असाल तर मुलांना पत्र आठवडाभर आधी लिहायला लावा आणि त्या कामाचे सगळे कागद, निदान मोबाईलमध्ये फोटो काढून, बरोबर आणायला सांगा. आमच्याकडे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास घरी फोन लावून ग्राहक क्रमांक विचारण्यात गेला, आणि हॉलमध्ये रेंज फक्त खिडकीपाशी येते.