एका ‘वाय’चे ४१ लाख १८ हजार

शिव्या घालायच्या असतील तर घाला, घरच्यांच्या घालून झाल्यात. पण सेकंडहँड टर्न-मिल (लेथ आणि मिलिंग एकाच मशीनमध्ये) घ्यायचा विचार कोणी करत असेल तर आधी हे वाचा आणि मग टोकन द्या.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात माझं छोटं जॉब शॉप आहे. दोन साध्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथ, एक व्हीएमसी म्हणजे उभं मिलिंग मशीन, सहा माणसं. चाकणच्या एका कस्टमरचा हायड्रॉलिकचा पार्ट चालतो, ईएन २४ स्टीलमध्ये, महिन्याला १२०० नग. त्यात ६.२ चं एक आडवं होल आहे जे सेंटरवर नाही, ७ एमएम बाजूला आहे, वर १० ची की-वे म्हणजे चावीची खाच. चार सेटिंगमध्ये काढायचो, दर वेळी जॉब सोडा, परत पकडा, डायल (बारीक फरक दाखवणारं गेज) लावा, तरी कॉन्सेंट्रिसिटी (सगळं एकाच सेंटरवर असणं) जायची आणि महिन्याला साठ-सत्तर नग भंगारात. कस्टमर म्हणाला एका सेटिंगमध्ये दे, अजून दोन पार्ट देतो. आता ह्याला लाइव्ह टूल (स्वतः फिरणारं टूल), सी-ॲक्सिस (जॉब हव्या त्या कोनात फिरवणारा), सब-स्पिंडल (जॉब दुसऱ्या बाजूनं पकडणारा) सगळं लागतं पण मेन म्हणजे वाय-ॲक्सिस लागतो, टूल सेंटरच्या वर-खाली नेणारा. होल सेंटरवर असतं तर सी-ॲक्सिसवर भागलं असतं. बाजूच्या होलाला टूलच सेंटरवरून सरकावं लागतं, तिथं दुसरी कुठलीही हुशारी चालत नाही.

नवीन इम्पोर्टेडचं कोटेशन आलं १ कोटी १२ लाख. ते वाचून मी चहा प्यायलो आणि जुन्या मशीनच्या जाहिराती बघायला लागलो. तिथंच बेंगळुरूजवळच्या एका डीलरचा व्हिडिओ दिसला. फॅनुक कंट्रोल, २०१४ मॉडेल, सब-स्पिंडल, लाइव्ह टूल, वाय-ॲक्सिस, ३६ लाख ५०. मशीनचं मेक लिहीत नाही कारण त्या कंपनीची ह्यात काहीच चूक नाही.

सेटरला, म्हणजे मशीन लावणाऱ्या माझ्या माणसाला, घेऊन रात्रीच्या बसनं गेलो. गोडाऊन चकाचक, मशीनला ताजा रंग, दारावर मॉडेल नंबर आणि शेवटी ‘वाय’. (ह्या लोकांच्या मॉडेलच्या नावात बहुतेक वेळा एम म्हणजे मिलिंग, एस म्हणजे दुसरा स्पिंडल आणि वाय म्हणजे वाय, हे मला माहीत होतं, म्हणजे तेवढंच माहीत होतं.) डीलरनं ॲल्युमिनियमचा ४० चा तुकडा लावला, कूलंट बंद केला, नीट दिसावं म्हणून म्हणे, आणि फेसवर, म्हणजे तुकड्याच्या पुढच्या तोंडावर, षटकोन मारून दाखवला. झकास, कडा धारदार. “देखो साब, वाय चल रहा है.”

इथं थांबतो, कारण रात्री तीन वाजता अजून हेच डोळ्यासमोर येतं. षटकोन मारताना चक (जॉब पकडणारा) हळूहळू फिरत होता. आणि टरेट (टूल धरणारा) फक्त आत-बाहेर. वाय-ॲक्सिसनं षटकोन मारायचा तर चक लॉक करून उभा राहतो आणि टरेट वर-खाली जातो. हे जे चाललं होतं ते जी १२.१ (प्रोग्रॅममधली कमांड), पोलर इंटरपोलेशन, एक्स (टूल आत-बाहेर) आणि सी मिळून फेसवर वाटेल तो आकार काढतात, वायची गरजच नाही. मी दोन फुटांवर उभा होतो!! स्क्रीनकडं पण बघितलं, पोझिशनच्या पानावर एक्स, झेड, सी, तीनच ओळी. मी विचारलंसुद्धा, वाय कुठाय? तो म्हणाला, “वो दूसरे पाथ पे दिखता है साब”, आणि पान बदलायच्या ऐवजी कॉफी मागवली. आणि मी प्यायलो.

बस स्टँडवर सेटर म्हणाला, “शेठ, षटकोन मारताना चक का फिरत होता? वाय असला तर चक लॉक पाहिजे ना?” मी काय बोललो सांगू? “तू प्रोग्रॅमचं बघ, व्यवहाराचं मी बघतो.” हा माणूस माझ्याकडं अकरा वर्षं आहे.

आता माझी बाजू पण ऐका. मी काही अडाणी नाही, डिप्लोमा मेकॅनिकल आहे, वीस वर्षं लेथवर घालवलीत, पण टर्न-मिल आयुष्यात चालवली नव्हती. डीलरनं तीन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर दिले, तिघं गोड बोलले, आता कळतंय ती त्याचीच माणसं असणार. आणि नेहमीचं, सोमवारी राजकोटची पार्टी येतेय, पूर्ण पेमेंट घेऊन. बरोब्बर माझ्याच वेळी राजकोटची पार्टी येते. तुम्हाला कोणी अशी पार्टी सांगितली तर म्हणा देऊन टाका त्यांना.

पैशाचं आता लाज सोडून लिहितो. ३६,५०,००० मधले १०,५०,००० रोख. बिल २६ लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,६८,०००, म्हणजे बँकेतून ३०,६८,०००, त्यात लोन २३ लाख. खिशातून आणि कर्जातून मिळून ४१,१८,०००, वर ट्रेलर आणि क्रेनचे १,१४,५००. जीएसटीचं क्रेडिट तेवढं मिळालं. रोख का दिले म्हणून विचारू नका, जुन्या मशीनच्या धंद्यात सगळे असंच करतात असं मला सांगितलं आणि मला ते पटवून घ्यायचं होतं. पण त्या रोख साडेदहा लाखांनीच पुढं माझं तोंड बंद झालं. एक रुपया रोख देऊ नका. जो डीलर बिल कमी करून देतो तो तुमचे पैसे वाचवत नाही, तुमची तक्रार आधीच मारून ठेवतो.

अजून एक. कोटेशनमध्ये ‘विथ वाय-ॲक्सिस’ स्वच्छ लिहिलं होतं. बिलावर काय, तर ‘युज्ड सीएनसी टर्निंग सेंटर, ॲज इज व्हेअर इज’, म्हणजे आहे तसं. बास. बिल मी जीएसटी नंबर बरोबर आहे का एवढंच बघायला उघडलं. बिलावर सिरियल नंबर आणि एकेक ऑप्शन लिहून नसेल तर आरटीजीएस करू नका.

मशीन आलं, लेव्हलिंग झालं, पोराला दार पुसायला सांगितलं. त्यानं थिनरचं फडकं मारलं आणि ‘वाय’ निघून फडक्याला चिकटला. बाकीची अक्षरं जागेवर. फडकं हातात घेऊन पोरगं माझ्याकडं बघतंय आणि मी त्याच्याकडं. सेटरनं काही न बोलता एमडीआयला (हातानं कमांड टाकायचा मोड) वाय १० टाकून सायकल स्टार्ट मारलं, लगेच अलार्म, असला ॲड्रेसच मान्य नाही. पाच सेकंदांची टेस्ट आहे हो ही. बेंगळुरूला केली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. मशीन बघायला जाल तेव्हा स्वतः एमडीआयला बसा, टरेटला डायल लावा, वायमध्ये हलतो का बघा, आणि मुख्य म्हणजे तुमचाच पार्ट, तुमच्याच मटेरियलचा काढायला लावा. त्याचा ॲल्युमिनियमचा तुकडा त्यालाच ठेवू दे.

मग मशीन बनवणाऱ्या कंपनीला सिरियल नंबर मेल केला. दोन दिवसांत उत्तर, फुकट: २००९ चं मशीन, सी-ॲक्सिस आणि सब-स्पिंडल आहे, वाय फॅक्टरीतून कधी बसवलेलाच नाही. आणि तो नंतर बसवता येत नाही, टरेटखालचं सगळं कास्टिंगच वेगळं असतं. हा मेल टोकनच्या आधी करायचा असतो.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्या दिवशी हवालदारांना वाय-ॲक्सिस समजवायला मी टेबलावर पाण्याची बाटली आडवी ठेवली आणि पेन घेऊन सेंटरचं होल, बाजूचं होल दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मशीन आलंय ना? चालू होतंय ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले व्यवहार तिकडं झाला, तिकडं जा, आणि हो, ते रोख दिलेले साडेदहा लाख आणले कुठून ते पण अर्जात लिहा. म्हणजे चोर बेंगळुरूत आणि जबाब माझा. अहो, कोटेशन आहे, कंपनीचा मेल आहे, चिकटलेल्या ‘वाय’चं फडकं मी पिशवीत घालून नेलंय, अजून काय पाहिजे तुम्हाला? अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. वकील म्हणतात ४२० विसरा, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, आता मॅजिस्ट्रेटकडं जाऊन पोलिसांना तपासाचा आदेश मागायचा. त्यांची फी आत्तापर्यंत ६५,०००. कलमाचा नंबर बदलला, खुर्चीतली उत्तरं तीच.

ग्राहक आयोग? मशीन धंद्यासाठी घेतलं, सहा कामगार, म्हणजे कमर्शियल पर्पज, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. एमएसएमईचं पोर्टल? ते माल विकून पैसे अडकलेल्यांसाठी, घेताना बुडालेल्यांसाठी नाही. उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय, ते छान दिसतं.

आणि बँकेनं पाठवलेला व्हॅल्युअर! ११,८०० रुपये माझ्याकडून घेतले, पंधरा मिनिटांत नेमप्लेटचे फोटो काढले आणि रिपोर्टमध्ये ‘विथ वाय-ॲक्सिस’ लिहिलं, माझ्याच कोटेशनवरून उतरवून. मशीन चालूसुद्धा केलं नाही. विचारलं तर म्हणे आम्ही टेक्निकल परफॉर्मन्स सर्टिफाय करत नाही. मग पैसे कशाचे, फोटोचे? बँकेचा रिपोर्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो बँकेसाठी असतो. माझा ५०,००८ चा हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता कट होतो.

तासांच्या मीटरवर पण जाऊ नका, माझ्या मीटरवर ६,२०० तास दाखवत होते, २००९ च्या मशीनवर. त्यापेक्षा सब-स्पिंडलला डायल लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो) बघा, बॉलस्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) बघा, स्लाइड पुढं-मागं करून आवाज ऐका. आणि ज्याला मशीन चालवायचंय तो काय म्हणतो ते ऐका, मालकाची हौस घरी ठेवा.

सध्या त्या मशीनवर टर्निंग आणि की-वे होते. की-वेला १० चाच कटर सेंटरवरून जातो म्हणून जमतं, जरा लहान कटर घेऊन साइज धरायची म्हटलं की परत वाय लागतो. ते ७ एमएमवालं होल अजून व्हीएमसीवरच, सेटरनं बनवलेल्या फिक्स्चरमध्ये. चारची दोन सेटिंग झाली, एक नाही झालं. दुसरे दोन पार्ट कस्टमरनं दुसरीकडं दिले.

परवा त्याच डीलरची नवी जाहिरात आली. मशीन वेगळं, रंग तोच, तोच ४० चा ॲल्युमिनियमचा तुकडा, तोच षटकोन. सेटरला मोबाइल दिला. त्यानं व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाला, “शेठ, चक फिरतोय.”