द रूकी: टिम ब्रॅडफर्डसाठी तरी बघाच
मालवणात पावसात होड्या वर ओढल्या की रात्री आम्ही सगळे सिरीजच बघत बसतो आणि यंदा 2018 ला सुरू झालेली ही लॉस एंजेलिसच्या नवशिक्या पोलिसांची हाताला लागली. चाळिशी उलटलेला जॉन नोलन पोलीस होतो, नेथन फिलियनने काम मस्तच केलंय, पण माझा जीव अडकला तो त्याच्यासोबतच्या नवशिक्या लूसी चेनमध्ये. तिचा ट्रेनिंग ऑफिसर टिम गस्तीत मधेच विचारतो, मला गोळी लागलीय, आपण आत्ता कुठे आहोत सांग! रस्त्याचं नावच सांगता आलं नाही तर मदत येणार कुठे? माझा भाचा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे चिवला बीचच्या वाळूत धावतो, त्याला हा सीन दोनदा लावून दाखवला. मधले काही एपिसोड ताणलेत, गोळीबार पण जरा जास्तच.