दुर्बिणीतच रेंजफाइंडर की वेगळा खिशात? बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

रेंजफाइंडरवाली, म्हणजे लेसरने अंतर मोजणारी दुर्बीण काल सर्व्हिस सेंटरहून परत आली. सोबतच्या कागदावर एकच ओळ: "तपासणी केली, दोष आढळला नाही." म्हणजे शिकारीच्या ऐन मोसमातले इतके आठवडे ती तिथल्या कपाटात आराम करत होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एकाच कंपनीचं असेल असं मला वाटत नाही.

माझी १०×४२ आहे, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. काच उत्तम, त्यावर वाद नाही. लेसर किती लांबपर्यंत मोजतो, त्या पल्ल्याचे आकडे कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. खोक्यावरचा मोठा आकडा चकचकीत पाटीसाठी असतो. हरणाच्या कातडीवर त्याच्या निम्मा मिळाला तरी नशीब, आणि भर उन्हात त्याहून कमी. धुक्यात तर यंत्र धुक्याचंच अंतर सांगतं. हे सगळं धरूनच घेतली होती. तक्रार वेगळीच आहे.

दुर्बिणीतून लाल चौकोन दिसतो, तो सावजावर ठेवायचा आणि बटण दाबायचं. पण लेसर त्या चौकोनातून निघत नाही. चौकोन ही नुसती खूण, किरण आपल्या वाटेने जातो. दोघांची सांगड कारखान्यात घालतात, आणि माझ्या दुर्बिणीत ती नीट बसलेली नाही. किरण चौकोनाच्या वरच्या अंगाला जातो. जेमतेम दोन मिलिरेडियनचा फरक असेल. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एक मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. ३०० मीटरवर माझा किरण ६० सेंटिमीटर वर, म्हणजे छातीवर धरला तर थेट पाठीवरून पलीकडे. हरीण सलग उतारावर उभं असेल तर कळतही नाही, कारण मागची जमीन जवळच असते. ते टेकाडाच्या कडेला असलं, मागे घळ आणि घळीपलीकडे दुसरा उतार असला, की २९० चे ४१० होतात. ४१० धरून नेम घेतला तर गोळी पाठीवरून जाणार हे नक्की.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. दीड-दोनशे मीटरवरचा एकटा खांब शोधा, मागे फक्त आकाश हवं. दुर्बीण ट्रायपॉडवर लावा, बटण दाबून धरा म्हणजे आकडे सलग येत राहतात, आणि चौकोन हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. आकडा कुठे उमटतो, कुठे विझतो ते बघा. मग एखाद्या छपराच्या आडव्या कडेवर खालून वर तेच करा. माझ्या दुर्बिणीत चौकोन अजून पुरता छपरावर असतानाच आकडा जातो आणि नुसत्या रेघा येतात. याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "हे मर्यादेत आहे." मर्यादा किती, हे विचारलं. त्याचं उत्तर अजून यायचंय.

ती नव्हती तेवढे आठवडे जुनी ८×४२ गळ्यात आणि ६×२१ चा रेंजफाइंडर खिशात, असं फिरलो. मनात म्हटलं, हेच बरं होतं, उगाच भपका केला. काचेत बिघडण्यासारखं काही नसतं. ती आठ पटीची दुर्बीण किती जुनी आहे हे घरात कुणालाच आठवत नाही आणि आजही ती लख्ख दिसते. लेसर आणि सर्किटचं तसं नाही. लायका या जर्मन कंपनीने १९९२ मध्ये जिओविड ही रेंजफाइंडरवाली दुर्बीण काढली (माझी त्यांची नव्हे), तेव्हापासून लेसर कुठल्या कुठे गेला, काच त्यामानाने थोडीच बदलली. मग दीर्घायुषी काच अल्पायुषी सर्किटला बांधायची कशाला? रेंजफाइंडर बिघडला की डोळेही गहाण. वेगळा असता तर तेवढाच पाठवला असता आणि दुर्बीण गळ्यातच राहिली असती.

हे मत संध्याकाळपर्यंत टिकलं. दिवेलागणीला झुडपांच्या कडेला एक हरीण निघालं. ८×४२ मध्ये स्वच्छ दिसत होतं. दुर्बीण खाली सोडली, खिशातून रेंजफाइंडर काढला, डोळ्याला लावला आणि हरीण गायब. गेलं नव्हतं, मलाच सापडत नव्हतं. करड्यावर करडं. हिशेब साधा आहे: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, २१ भागिले ६ म्हणजे साडेतीनच. उजेड भरपूर असताना फरक जाणवत नाही, त्या पंधरा मिनिटांत तो सगळं ठरवतो. त्यात त्याचे आकडे काळे, तेही काळोख्या झुडपावर. आणि एका हातात धरलेली हलकी डबी इतकी हलते की एकदा अंतर झुडपाचं येतं, एकदा गवताचं. दुर्बीण दोन्ही हातांत, कोपर गुडघ्यावर टेकलेलं, बघताबघताच बटण, हे सुख तेव्हा आठवलं. तक्रार कायम आहे, पण "उगाच भपका" हे शब्द मागे घेतो.

बाकी किरकोळ. उतारावरचा कोन धरून अंतर देणं दोन्हीकडे असतं. ३० अंशांच्या कोनात सरळ रेषेतले ४०० मीटर नेमासाठी सुमारे ३४६ होतात. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मोबाइलला जोडून गोळीची घसरण दाखवणारं अ‍ॅप मी फारसं उघडलंच नाही. सेल थंडीत मलूल होतो, आतल्या खिशात ठेवावा. सेल संपला तरी दुर्बीण दुर्बीणच राहते. काही हातातल्या रेंजफाइंडरमध्ये मात्र सेल नसला की काचच काळपट पडते. आणि दुर्बीण दुसऱ्याच्या हाती देताना सांभाळा. माझ्या दुर्बिणीत दोन्ही डोळ्यांची कडी वेगळी फिरते. एका बाजूने आधी आकडे स्पष्ट करायचे, मग दुसरी बाजू जुळवायची. सोबत्याने "जरा बघू" म्हणून फिरवली की आकडे धूसर.

धनुष्याने शिकार करणाऱ्याने जोड, म्हणजे रेंजफाइंडर आतच असलेल्या दुर्बिणीच्या फंदात पडू नये. ४० मीटरच्या आत छोटा रेंजफाइंडरच चपळ. मचाणावर बसणाऱ्यालाही ती लागत नाही. उजेड असताना दगड, बुंधा, पाणवठा यांची अंतरं मोजून कागदावर टिपून ठेवावीत, मग काळोखात जुनी दुर्बीण पुरते. डोंगरात चालत, ट्रायपॉड टाकून दूरवर शोधणाऱ्याला मात्र जोड दुर्बीण सोडवत नाही. मी त्यातलाच, म्हणून चिडूनही वापरतोय. सध्या चौकोन छातीवर न ठेवता पोटाच्या खालच्या रेषेवर ठेवतो, पुढे गवत नसेल तर आकडा बरोबर येतो. इतके पैसे मोजून जुगाड करावा लागतो, याचा राग वेगळा.

खरेदी करणाऱ्यांनी दुकानाबाहेरचा पहिला खांब सोडू नये, पावती खिशात असतानाच चाचणी उरकावी. माझी वॉरंटी संपायच्या आत मी सर्व्हिसला पुन्हा एकदा पाठवणार आहे, या वेळी मोसम संपल्यावर. तेव्हाही तीच ओळ आली तर विकून टाकेन. घेणाऱ्याला छपराची चाचणी मी स्वतः करून दाखवीन आणि भाव त्यानंतर बोलू.